तारा फुटणार म्हणून शिवलेले पडदे

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (दुकानात आडवं पडायला जागा नाही, तरी घातलाय असं समज.) तुझा डावा गुडघा काय म्हणतो? की उजवा होता? जो कुरकुरत असेल त्याला माझा वेगळा नमस्कार.

मी सध्या पडद्यांच्या दुकानात आहे. (सायकलच्या दुकानातून का सुटलो ते भेटल्यावर, निम्मी चूक घंटीची होती.) तर झालं काय, कापडाच्या गठ्ठ्याला गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा कागद मी मोठ्याने वाचत बसलो. त्यात होतं, काक्षी नावाचा तांबडा तारा (मला आधी कुणाची तरी मावशी वाटली) लवकरच फुटणार. फुटला की अर्ध्या चंद्राइतका उजेड, भरदिवसा आभाळात ठिपका, रात्री आपली सावली पडणार, आणि हे चांगलं दोन-तीन महिने! मग तारा कायमचा गायब. मला त्याची दयाच आली. तेवढ्यात समोरच्या न्हाव्याची बायको म्हणाली, "अगं बाई, मग झोपायचं कसं?" मी काळ्या जाड कापडाकडे पाहिलं. शप्पथ आत्या, नुसतं पाहिलं.

तीन दिवसांत अख्ख्या गल्लीने मापं दिली. मालक मला शास्त्रज्ञ म्हणायला लागले. पडदे शिवून घरोघर लागले आणि भूगोलाच्या निवृत्त बाई तो कागद वाचायला आल्या.

"अरे दिवट्या, ताऱ्यांचं 'लवकरच' म्हणजे लाखभर वर्षांत कधीही!"

मी म्हटलं, "बाई, आमचे शिंपीकाकाही त्याच हिशेबाने लवकरच म्हणतात." बाई हसल्या नाहीत. गल्ली तर मुळीच नाही. संध्याकाळपर्यंत तेवीस पडदे परत. मालक म्हणाले, "शनिवारी हे इथे दिसले, तर तू दिसायचा नाहीस." आत्या, मी इथे चक्क पाच महिने टिकलोय. आपल्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मला इथून जायचं नाहीये.

तब्येतीला जप.

तुझा (शनिवारपर्यंत तरी) पडदेवाला भाचा

ता. क. तुझ्या वसतिगृहाला खिडक्या किती गं? सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मुली कटकट करतात, असं तूच म्हणाली होतीस.

ता. ता. क. बाई जाता जाता म्हणाल्या, तारा कदाचित कधीच फुटलाही असेल. उजेड वाटेत असेल, आपल्याला उशिरा कळेल. पडद्यांचंही तसंच समज. ते परवाच निघालेत.