संध्याकाळी सातची सपाट रेष

२ मार्च

ती. बाबांस,
भिंगरीचा सा. न.

फोनवर तुम्ही सगळं ठीक म्हणता आणि मी जेवले का ते विचारून विषय संपवता, म्हणून हे पत्र. मी पाठवलेले कमी विजेचे दिवे लावल्यापासून बिल निम्म्यावर आलं, म्हणून तुम्ही खूश आहात. मी नाही. इमारतींचा वीजवापर तपासणं हेच माझं काम. तुमच्या नव्या मीटरवरच्या तासातासाच्या वापराचा आलेख मला इथे बसून दिसतो. फ्रिज चालतो, सकाळी पाणी तापतं. पण संध्याकाळी सातला, जेव्हा घरोघरची रेष वर चढते, तेव्हा तुमची सपाट. जानेवारीपासून ना दिवा, ना टीव्ही. मी वीज वाचवायला सांगितली होती, अंधारात बसायला नाही. की तुम्ही घरीच नसता? मग असता कुठे?

उत्तर लवकर धाडा, माया नेहमीचीच ठेवा.

तुमची,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

बापावर पाळत ठेवायला मुलीने मीटर नेमलाय हे वाचून गंमत वाटली. संध्याकाळी मी खिडकीशी बसतो, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड फुकट येतो. वाचन उन्हातच उरकतो. टीव्हीपेक्षा रेडिओ बरा. तू सांगितलंस ते मनावर घेतलं, एवढंच. मनगट दुखतं म्हणून हे पत्र खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई लिहून देतायत. अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे, तेव्हा तक्रार नको. तू येऊन तीन वर्षं झाली, पण कामात असशील.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

बाबांचं पत्र सोबत जोडलंय. तूच वाच आणि सांग, तिसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड कुठून येणार? मनगट दुखतं म्हणे, पण खाली साधी सहीसुद्धा त्या शिवणवालीचीच. आपल्या घराची एक किल्लीही तिच्याकडे असते, असं बाबा मागे बोलता बोलता बोलून गेले होते. माझ्या डोक्यात नको नको ते येतं. बाबांना कुठे हलवलं असेल का? कशावर सह्या घेतल्या असतील का? त्यांना न कळवता एकदा संध्याकाळी सातला जा. माझा संशय खोटा ठरला तर हवं ते ऐकव.

आत्यापण जागं ठेव.

तुझी,
भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

काल गेले. दाराच्या फटीतून उजेड दिसेना, तेव्हा तुझं खरंच वाटलं. दार वाजवलं तर दादानेच उघडलं. आत मिट्ट काळोख. मी म्हटलं, वीज गेलीय की काय. तो लगेच म्हणाला, हो, आत्ताच गेली. माझा हात सवयीने बटणावर गेला आणि खोली लख्ख उजळली. दादाची पापणीही लवली नाही. तो माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला, येईल थोड्या वेळात, बस.

बाळ, त्याला दिसत नाही. डावा डोळा केव्हाच गेलाय. उजव्यावर दाट मोतीबिंदू आहे. दिव्यांचा त्याला उपयोगच उरला नाही. तुला कळलं तर तू घर बंद करून त्याला तुझ्याकडे नेशील, म्हणून त्याने बाईंना शपथ घातली होती. बाई रोज दुपारी येऊन औषधाचे थेंब घालतात. त्यांनी सदऱ्यांच्या कॉलरला आतून गाठी घातल्यात, पांढऱ्याला एक, निळ्याला दोन. सह्या कसल्या घेतात, त्यांनी आजवर शिलाईसुद्धा घेतली नाही.

ऐकवायचं ते समोर आलीस की ऐकवीन. लवकर ये.

आत्या

२५ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

मी खूप रागावलेय. शनिवारी येतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले. उजव्याची शस्त्रक्रिया होईल म्हणतात, पण हमी देत नाहीत. तुमच्या मनाविरुद्ध तुम्हाला त्या घरातून कुणीही हलवणार नाही, मीसुद्धा नाही.

आता बाई, हे तुमच्यासाठी, कारण हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार. मी तुमच्याबद्दल आत्याला फार वाईट लिहिलं होतं. बाबांना ते माहीत नाही. तरीही हे मोठ्याने वाचा.

तुम्हा दोघांची,
भिंगरी

१८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

हे माझं अक्षर. ओळी उतारावर चालल्यात, पण माझ्या आहेत. उजव्या डोळ्याला सगळं दिसतंय. बाई मला वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच तरुण निघाल्या, आणि घर बरंच कळकट.

पट्टी निघाल्यावर समोर तू होतीस. मी तुला ओळखलंच नाही, हळूच आत्याला विचारलं, या बाई कोण. तू हसलीस म्हणून मीही हसलो. केसांचं काही नाही, ते पिकतातच. पण घरी येताना जिन्यात तू प्रत्येक मजल्यावर थांबलीस. चपलेचा पट्टा नीट करतेय म्हणालीस. मी बघत होतो. तुझ्या चपलेला पट्टा नव्हता. वर आल्यावर पाच मिनिटं तू हात छातीशी धरून नुसती धापा टाकत बसलीस.

तीन वर्षं का आली नाहीस, ते मी आता कामावर ढकलणार नाही. मला खरं काय ते कळव. तुझ्याच हाताने लिही, कुणी वाचून दाखवायची गरज नाही.

वाट बघणारा,
बाबा