टाकीच्या तोंडाशी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडलेला भाऊ आता आंतरराष्ट्रीय झालाय, असं बाबांना सांग. पेंढा आणि शेण कुजवून गॅस करायच्या आमच्या प्रकल्पात तीन देश आहेत. जंतू एकाचे, यंत्रं दुसऱ्याची, शेण आमचं! जंतू घेऊन आलेल्या पाहुण्या संशोधिकेला सगळे जंतूबाई म्हणतात. मी काहीच म्हणत नाही, नुसता बघत राहतो. हस, हस.

पण ताई, जीव टांगणीला लागलाय. मोठी टाकी रिकामी केलीय आणि भिंतींवरचा थर खरवडायला ती स्वतः आत उतरणार आहे. तिनंच आम्हाला शिकवलं, की सडक्या अंड्यांचा वास येतो तोवर माणूस सावध तरी असतो. विषारी वायू फार वाढला की नाकच बधिर होतं, वास गेल्यासारखा वाटतो आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो.

तुझा,
भडक्या

ता. १० मार्च

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग धस्स झालं. तुझ्या जंतूबाईला तू आहेस हे तरी ठाऊक आहे का? अरे, प्रेमात पडावं, टाकीत पडू नये. सरांशी हमरीतुमरीवर येऊन कॉलेज सोडलंस, तसं इथे नको. आत उतरण्याआधी हवा कोण तपासतं, ते तुझ्या साहेबांना नीट विचार. आवाज न चढवता! आईला मी काही बोललेले नाही, पण मला चैन नाही.

राग तिकडेच ठेव, लोभ इकडे पाठव.
तुझी ताई

ता. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांना नीट विचारलं. म्हणाले, हवा पाहुण्यांनी तपासलीय. उतरायच्या वेळी पाहुण्यांच्या प्रमुखांना विचारलं, तर ते म्हणाले, यजमानांनी तपासलीय. समोरच्याला अविश्वास वाटू नये म्हणून कोणी कोणाला विचारलंच नव्हतं! इतक्यात एकजण टाकीच्या तोंडाशी वाकून खुशीत म्हणाला, की वास पार गेला.

तिनंच शिकवलेलं मला आठवलं. हवा तपासलीय या भरवशावर तिचा एक पाय शिडीवर होता. दंड धरून तिला मागे ओढलं, झाकण लोटलं आणि वर बसकण मारली. साहेब किंचाळले, की तीन देशांसमोर शोभा केलीस. मीही ओरडलो, की खुशाल हाकला, पण आधी वायू मोजायचं मीटर आत सोडा.

मीटर तिनंच सोडलं. आकडा चढत चढत पार टोकाला टेकला. तिनं मीटर साहेबांच्या हातात दिलं. कोणी कोणाकडे बघेना.

आता पंखे लावून टाकीत हवा खेळवलीय. दोन्हीकडच्यांनी मिळून तपासलीय. उद्या ती मास्क लावून उतरेल. तिच्या कमरेचा दोर वरून कोण धरणार, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

ताई, झाकणावर बसलो तेव्हा हात थरथरले नाहीत, डोकं फिरलं होतं ना. आज डोकं शांत आहे आणि पेनसुद्धा धड धरवत नाही.

माझ्यावर आहे तेवढा लोभ उद्यापुरता तिच्यावर ठेव.
तुझा,
भडक्या