फॉरमॅट मारणार न्हाय

येळ्ळूर, मंगळवार, संध्याकाळ

फॉरमॅट मारणार न्हाय म्हटलं होतं, न्हायच मारलं.

सकाळपासून कॉम्प्युटर मला आत घेईना. अ‍ॅडमिनचा पासवर्ड पाठ, तरी चूक म्हणून सांगतोय. पुन्हा पुन्हा टाकला तर खातंच लॉक. पुण्याला अण्णाला फोन केला. थोरला भाऊ म्हणून कॉम्प्युटर त्यानंच बसवून दिला, पासवर्डही त्यानंच ठरवलेला. म्हणाला, "पासवर्ड तोच हाय. तूच कायतरी बिघडवून ठेवलंस गं. फॉरमॅट मार." आत गावातल्या लग्नांच्या आमंत्रणपत्रिका आहेत, मी एकेक ओळ जुळवलेल्या. त्या काय अण्णा परत जुळवणार? आणि बिघडवलं म्हणे. मी?

लॉक सुटेपर्यंत चहा केला. मग पासवर्ड टाकून शेजारचा डोळा दाबला, ठिपक्यांच्या जागी अक्षरं दाखवतो तो. सगळी कानडी. काल शेजारच्या आक्काचा पंचायतीचा अर्ज कानडीत टाइप करून दिला आणि कीबोर्ड तसाच राहिला. खाली कोपऱ्यात कीबोर्डची भाषा दाखवणारं कानडी अक्षर सकाळपासून बसलं होतं, माझंच लक्ष न्हाय. कीबोर्ड बदलला, आत गेले.

अण्णाला कळवलं. म्हणतो, "आधी ते कानडी काढून टाक." का म्हणून? अर्ज कानडीत, पत्रिका मराठीत, दोन्ही मीच करते. कोपऱ्यातलं अक्षर तिथंच राहील.

पासवर्ड मात्र बदलला. नवा कोणता, अण्णानं विचारलं. सांगितला न्हाय.