आनंदचा कोट

मुखेड,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टी हिस,
सप्रेम जय भीम.

नावाआधी 'सौ.' लिहायला गेले आणि पेन तिथेच थांबला. तू समजून घे. इथे सगळे बरे आहेत. थंडी पडायला लागलीय. स्टुडिओच्या पायरीवर सकाळचं ऊन येतं, तिथे बसून लिहितेय. तुझ्या मेसचं कसं चाललंय? लातूरला शिकायला आलेल्या पोरींना पहिला महिना कुठलीच भाजी गोड लागत नाही, असं तू म्हणायचीस. आता लागते का?

तू मागितलेल्या आनंदच्या फोटोला उशीर झाला. तू फोन केलास की मी दर वेळी म्हणायचे, कॉम्प्युटर बदलतेय. बदलत होतेच. पण बाकीचं फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून फ्रेमसोबत हे पत्र.

जुना कॉम्प्युटर आता चालू होताना कण्हतो. नवा घेतला, तर आनंदने हैदराबादहून आणलेलं फोटोचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चढेना. त्याची सीडी आहे, पण नव्या मशीनला सीडी घालायला जागाच नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन चढवलं, तर मागे खोचायचं ते छोटं लॉक सिस्टीम ओळखेना. बनवणारी कंपनी कधीच बंद झालीय. नांदेडहून वाजिदभाई आले, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. दिवसभर बसले.

"आक्का, मी लॉक खोचतो आन् मशीन म्हणतंय, आपण कोण? बिनबुलाये लग्नात गेल्यावानी झालंय."

"मग जुन्या फायलींचं काय?"

"त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरात उघडतील, इन्शाल्ला. पण आत जे झाकून ठेवलंय ते झाकलेलंच राहील, याची ग्यारंटी न्हाई."

मी म्हटलं, चालेल. झाकलेलं काय होतं ते त्या क्षणी माझ्या ध्यानातच आलं नाही.

आनंदने तुला कधी सांगितलं होतं का, ठाऊक नाही. गेलेल्या माणसाचा चांगला फोटो लोकांकडे नसतो. आधारकार्डावरचा असतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात मागे उभं असलेला, अर्धं तोंड दुसऱ्याच्या फेट्याआड. तेरवी तोंडावर आलेली असते. म्हणून आनंदने भाड्याचा काळा कोट आणला, निळ्या पडद्यापुढे उभा राहिला आणि मला बटण दाबायला लावलं. पुढे कुणीही पुरुष गेला की त्याचं तोंड त्या कोटावर बसवायचं. खाली आनंदचा चेहरा तसाच असायचा, एका काचेवर दुसरी काच ठेवावी तसा झाकलेला. बायकांसाठी त्याने मला उभं केलं. जांभळी साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर. तालुक्यातल्या भिंतींवर हार घातलेले जे पुरुष आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांचे खांदे आनंदचे आहेत. बायकांचे माझे. तेव्हा आम्ही दोघं यावर पोट धरून हसायचो.

मागच्या बाजाराच्या दिवशी नागुबाई आल्या, जवळच्या वाडीच्या. त्यांचा नवरा आडतीवर हमाल होता, जाऊन बरीच वर्षं झाली. फोटोला वाळवी लागली होती, पुन्हा काढून हवा होता. फाइल सापडली. नव्या मशीनवर उघडली.

कोट तोच. मागचा पडदा तोच. वर आनंद. फोटो काढताना तो हसायच्या बेतात असायचा ना, तसा.

"ह्यो कोन?" नागुबाईंनी विचारलं.

"माझा भाऊ. मशीन नवीन आहे, चुकून आला."

त्या मशीनच्या स्क्रीनशी वाकल्या. कोटाच्या खांद्यांवरून बोट फिरवलं. "मंग खांदे ह्येचेच व्हते म्हना की."

मी फाइल बंद करायला गेले, त्यांनी हाताने थांबवलं.

"माझ्या मानसाचा उजवा खांदा पडला व्हता, पोती वाहून वाहून. फोटूत दोन्ही सरळ. पयल्याच दिशी कळलं मला. पोरं म्हनली, बाप कसा सायेब दिसून राहिला. मी गप ऱ्हायले." मग माझ्याकडे वळून, "जिता हाय का ह्यो?"

"हाव," मी म्हणाले. लगेच म्हणाले.

त्यांनी फोटो नको म्हटलं. पायरी उतरताना पुन्हा थांबल्या. "इतकी वरसं जित्या मानसाला हार घातला मी. असं करू न्हाई, बाई. हार पडला की मानूस घरची वाट इसरतंय."

आपण बुद्धाची माणसं, सृष्टी. असलं काही आपण मानत नाही. हेच मी स्वतःला बजावलं, शटर अर्धं ओढलं आणि बाकीच्या फायली उघडत बसले. शाळेचे शिपाई चंद्रप्पा उघडले, आनंद. किराणावाले संगप्पा, आनंद. एकेक मेलेला माणूस उघडायचा आणि आतून हाच बघतोय. सरजाबाई उघडली, तर मी. गौरम्मा, मी. तरुण, पदर घेतलेली, एकटक.

सगळं पुन्हा झाकलं, फायली बंद केल्या. उघडल्या तर आम्ही दोघं परत हजर. वाजिदभाईंना फोन केला तर ते हसले. "आक्का, जुनी फाइल हाय, तिला सवय लागंल हळूहळू."

त्या दिवसापासून मला गळ्याशी झेंडूचा वास येतो. आंघोळ केली तरी जात नाही. निमित्त काढून गौरम्माच्या सुनेकडे गेले. भिंतीवर फोटो, त्याला ताजा हार. चेहरा गौरम्माचाच. पण हाराखालचे खांदे श्वास घेतल्यासारखे हलले. काचेत माझीच सावली पडली असेल. मी श्वास रोखून धरला, तेव्हा तेही थांबले. सून चहा ठेवते म्हणत होती. मी तशीच निघून आले.

आता तू मागितलेल्या फोटोचं. तो कधीपासून तयारच आहे, सृष्टी. कोट घातलेला. त्यावर कुणाचं तोंड बसवायचं नाही, काही जोडायचं नाही. नवी सिस्टीम तो आपणहून पुढे करते. फक्त प्रिंट द्यायची, आणि तेच माझ्याच्याने होईना.

किनवटच्या आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो उरकून आनंद घरी यायला निघाला. वाटेत मुदखेड स्टेशनवर त्याची बॅग सापडली, तो सापडला नाही. इतकी वर्षं मी बॅग सापडली यावर जगले आणि तू तो सापडला नाही यावर. मी प्रिंट दिली नाही तर तो कुठेतरी चालत राहील, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. तालुकाभर हार पडलेल्या माणसाचा हा एक हार मी अडवून धरला. त्याच्यासोबत तुलाही.

ज्ञानोबामामांनी मला सांगितलंय. निलंग्याच्या त्या मास्तरांनी तुला घातलेल्या मागणीबद्दल. आनंदचं पुण्यानुमोदन, फोटोला हार घालून निरोप, झाल्याशिवाय तू त्यांना हो म्हणणार नाहीस, हेही. तू मला बोलली नाहीस, कारण मी कधी बोलायला जागाच ठेवली नाही. समोर बसलीस की मी आनंदचं काही काढायचे आणि तू ताट उचलून आत जायचीस. मास्तर शांत आहेत म्हणतात मामा. हो म्हण.

कोटातला फोटो मी पाठवत नाही. तो पुष्कळांचा झालाय. भीमजयंतीच्या मिरवणुकीतला पाठवतेय. पांढरा शर्ट, कपाळावर घाम, कानाच्या पाळीला निळा रंग. हा नुसता तुझा नवरा आहे, दुसरं कुणी नाही.

मूळ फोटोत शेजारी मी होते, त्याच्या खांद्यावर हात टाकून. नवं सॉफ्टवेअर एका क्लिकवर माणूस वेगळा काढून देतं. मी क्लिक केलं. मिरवणूक गेली, मी गेले. माझी बोटं मात्र त्याच्या खांद्यावर राहिली. मशीनला ती त्याचीच वाटली. पुन्हा केलं, पुन्हा राहिली. जुन्यात मी ती हाताने सहज पुसली असती. इथेही येत असेल, वाजिदभाईंना विचारता आलं असतं. विचारलं नाही.

फ्रेम उद्याच्या लातूर बसने येईल, कंडक्टर ओळखीचे आहेत. रविवारी पुण्यानुमोदनाला मीही येतेय. मागच्या रांगेत बसेन. हार तू घाल. तो त्या बोटांवरून गेला तरी जाऊ दे, बाजूला सारू नकोस.

हात काढून घ्यायला न जमलेली,
तुझी
लुंबिनीआक्का