तुमचं ‘अवं’ आणि दोन गिनीपिग

प्रिय अहो,

आज इतकी जळले आहे की कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि माझी तक्रार ऐकून घ्यायची सवय तुम्हालाच. तुम्ही गेल्यावर लोकांनी सांगितलं होतं, रडू येईल, झोप उडेल, पोळ्या उरतील. सगळं झालं. पण मत्सर वाटेल असं कुणी बोललं नव्हतं. आणि तोही कुणाचा? दोन गिनीपिगांचा!

हो, गिनीपिग. उंदरांच्याच जातीतले, पण बिनशेपटीचे आणि गुबगुबीत. दोघीही माद्या, बबली आणि छबी. मनूच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची बंगळूरला बदली झाली, तर तिच्या इथल्याच महाल भागातल्या घरून आपली लेक त्यांना उचलून घेऊन आली. आईला सोबत म्हणून! मी मागितली होती का हो सोबत?

आणि पिंजरा ठेवला कुठे? कूलरजवळच्या कोपऱ्यात, तुमची खुर्ची हलवून! “त्यांले गरमी सहन नाही होत वं आई,” मनू म्हणाली. वर कूलरचा आवाजही सहन होत नाही, म्हणून तो हळू चालवायचा. नागपूरचा मे महिना, आणि या दोघींच्या नाजूकपणापायी मी घामाघूम! तुमच्या जागेवर मी अजून एकदाही बसलेले नाही. यांना ती आल्या दिवशी मिळाली.

बरं, मिळाली तर नीट राहावं की नाही? पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरल्या त्या शिरल्याच. मनूने मला बजावलं होतं, उचलायचं नाही, वरून हात घालायचा नाही, पिंजऱ्यावर अर्धी चादर टाकायची आणि जवळ बसून हळू बोलत राहायचं. आवाज ओळखीचा झाला की येतील बाहेर. मी बसले. कोथिंबिरीची काडी धरून, आमच्या साताऱ्याकडच्या मराठीत “या गं बाळांनो, खा गं” करत. हात अवघडला, पण एक मिशी बाहेर येईल तर शपथ!

तुम्ही असतात तर आल्या असत्या, मला माहीत आहे. गल्लीतल्या त्या चिडक्या कुत्र्याला इतकी वर्षं पोळी मी घातली, आणि पोट वर करून पडायचं ते तुमच्यापुढे. त्याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशीही दोघींनी कशाला तोंड लावलं नाही. मनूचा चेहरा उतरला. “ह्या उपाशी राहिल्या तं टिकत नाही वं आई. इथं रुळल्या नाही तं दुसऱ्या कोणाले देऊन टाकू.” मी तोऱ्यात म्हटलं, दे. पण खोक्यात पुन्हा वाकून बघितलं. तुमच्यामागे या घरात आलेला पहिला जीव, आणि तोही माझ्याजवळ राहायला तयार नाही?

मी स्वयंपाकघरात गेले. मला हसवायला म्हणून असेल, मनूने बैठकीतून हुबेहूब तुमच्या आवाजात हाक मारली, “अवं! चाय देऊन राहिली का नाही?”

मी ओल्या हातांनी धावत बाहेर आले. हो, धावत. बघते तर त्या दोघीही खोक्याबाहेर, जाळीला नाक लावून शिट्यांवर शिट्या! एका ‘अवं’वर घरातल्या तिघी बाहेर आलो होतो. मनू आधी हसली, मग माझं तोंड बघून फोनकडे वळली.

मैत्रिणीला फोन लावल्यावर उलगडा झाला. तिच्याबरोबर बंगळूरला गेलेल्या तिच्या सासूबाई ‘अवं’ म्हणूनच त्यांना कोथिंबीर घालायच्या. मनूच्या हातून दोघींनी आवडीने खाल्लं. “मी दिवसभर ऑफिसात राहीन. तूच म्हण नं आता. काहून नाही म्हणत?” ती म्हणाली.

काहून! लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा ‘अवं’ केलंत तेव्हा मी विचारलं होतं, मला नाव नाही का, मी काय गोठ्यातली म्हैस आहे? पण बहिणीला तुम्ही अक्का म्हणायचात, लेकीला मनू. नुसतं ‘अवं’ म्हणजे मीच. चिडता चिडता मी त्या शब्दाची मालकीण झाले. तो आता या केसाळ बायांबरोबर वाटून घ्यायचा? का म्हणून?

मनू ऑफिसला गेली आणि दोघी परत खोक्यात. दुपारपर्यंत मी हटून बसले. मग छबीचं खपाटीला गेलेलं पोट दिसलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून तो शब्द निघाला. “अवं.”

आल्या हो! माझ्या हातून खाल्लं. त्यांची म्हातारी बंगळूरला गेली, माझे तुम्ही गेलात. पण त्यांना दुसऱ्या कुणाच्या तोंडची हाक चालते. पोट भरतं, झोप लागते. मला का नाही चालत? मी जळले ती यावर.

तर आता वचन देते. त्यांना कुठेही देणार नाही, आणि हातात कोथिंबीर असली की रोज ‘अवं’ म्हणेन. पण तुम्ही कधी कधी उगाचच हाक मारायचात. मी हात पुसत यायची, “काय हो?” म्हणायची, तर “काही नाही” म्हणून पेपरात तोंड घालायचात. ते बिनकामाचं ‘अवं’ मी त्यांना देणार नाही. कितीही शिट्या मारोत. ते माझं आहे.

तुमची एकुलती एक,
अवं