नऊ नंबरचा बिल्ला

६ जानेवारी, सोमवार

आज जहाजावर रुजू झालो, आणि तेही निफाड रोडला, द्राक्षबागांच्या मधोमध. सोळा वर्षं समुद्रावर फिटर म्हणून काढली. तेव्हा नाशिकला जहाज आहे असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी प्यायलेला समजलो असतो. ही संस्था पोरांना जहाजावरच्या नोकरीसाठी तयार करते. त्यांच्या सरावासाठी आवाराच्या मागच्या टोकाला सिमेंटच्या चौथऱ्यावर अर्धं जहाज उभं केलंय: खरं इंजिनरूम, खाली पोलादी टाकी, शिड्या, वर खलाशांच्या खोल्या. पाणी काय ते होस्टेलच्या गळक्या नळाचं त्याच्या अंगावर पडतं, तेवढंच. शेजारच्या बागेतले मजूर दुपारी त्याच्या सावलीत भाकरी सोडतात.

माझं काम म्हणजे पडेल ते. होस्टेलचे गिझर, पंखे, पंप, आणि जहाजाचं वेल्डिंगपासून रंगापर्यंत सगळं. प्राचार्य उंटावरून शेळ्या हाकणारे आहेत, म्हणजे माझ्या कामात लुडबुड नाही. पाचला सुटी. ह्या सुटीसाठीच समुद्र सोडला. वेदिका सात वर्षांची झाली आणि मी तिच्याजवळ सगळे मिळून सतरा महिने राहिलोय. मागच्या खेपेला घरी आलो तर मला काका म्हणाली. हसण्यावारी नेलं, पण रात्रभर डोळा लागला नाही. दीपमालाने ही खिशात मावेल अशी रोजनिशी दिली आणि माझ्याकडून एक शब्द घेतला: दिवस मावळायच्या आत आडगावला घरी यायचं आणि पोरीला सायकल शिकवायची.

७ जानेवारी, मंगळवार

जहाजाचे रखवालदार, मदतनीस, सगळं काही म्हणजे कारभारी. लासलगावकडचे, साठीला टेकलेले. मला दोन वेळा बोरस्ते साहेब म्हणाले, मी दोन वेळा नको म्हटलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

त्यांनी खालची टाकी दाखवली. एका माणसापुरतं भोक, त्यावर सोळा नटांचं झाकण. दर गुरुवारी पोरांना बंद जागेत कसं उतरायचं ते इथं शिकवतात. भोकाशेजारी बारा खिळ्यांची फळी आहे. आत जाणारा आपला पितळी बिल्ला तिच्यावर टांगतो, बाहेर आला की काढतो. फळी रिकामी झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. बोटीवरही आम्ही हेच करायचो. मला चार नंबर मिळाला. कारभारींचा दोन. नऊ नंबर डब्यातच होता. तो कुणाला देत नाहीत म्हणाले.

संध्याकाळी सायकल. वेदिका दोन वेळा पडली आणि दोन्ही वेळा माझ्यावरच रागावली. फार बरं वाटलं.

९ जानेवारी, गुरुवार

सराव चारला संपला. टाकीत हवा खेळावी म्हणून झाकण पाचपर्यंत उघडं ठेवतात. पाचला लावायला गेलो तर फळीवर एक बिल्ला होता. नऊ. पोरं मोजली, सगळी बाहेर. कुणाचा टवाळपणा असणार, म्हणून मी पाना उचलला, तर कारभारींनी माझा हातच धरला. त्यो मोजल्याबिगर झाकण नाय लावायचं साहेब, म्हणाले. मग स्वतः आत उतरले, एकूण एक कप्पा फिरले. आतून त्यांचं बोलणं ऐकू आलं: चला साहेब, सुटी झाली. वर येऊन त्यांनी नऊ नंबर फळीवरून काढला, डब्यात ठेवला आणि मला झाकण लावा म्हणाले.

ह्यात अर्धा तास गेला. आत माणूस असताना बाहेर दुसरा उभा हवा, म्हणून मीही अडकलो. घरी पोचलो तेव्हा अंधार. वेदिका सायकलजवळ बसून होती.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पाना उचलताना बिल्ल्याला हात लागला होता. इतक्या थंडीत तो गरम होता, मुठीत धरलेल्या नाण्यासारखा.

१३ जानेवारी, सोमवार

होस्टेल झाडणाऱ्या लंकाबाईंना नऊ नंबरचं विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग तिळगुळाची पुडी हातात देत सांगून टाकलं. माझ्याआधी ह्या जागेवर शामसुंदर म्हणून होते. लय भला माणूस, कधी कुणाला वरच्या आवाजात बोलला नाय. तीन वर्षांमागे एका गुरुवारी सराव झाल्यावर रंगाचा हात मारायला टाकीत उतरले. बिल्ला टांगून उतरले. पाहुणे येणार होते म्हणून वरून घाई झाली आणि कुणीतरी फळी न बघता झाकण लावलं. घरच्यांना वाटलं गावी गेले. झाकण उघडलं ते पुढच्या गुरुवारी. झाकणाच्या आतल्या बाजूचा रंग तळहाताएवढ्या जागेत घासून गेला होता.

झाकण कुणी लावलं ते लंकाबाईंनी सांगितलं नाही. मला कळलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कारभारींचा राग आला होता, तो गेला. पण माझी पोर दर गुरुवारी अंधारात का बसावी?

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी झाकण उलटं करून पाहिलं. मधोमध तळहाताएवढं लोखंड उघडं होतं. घासून रेडऑक्साइड मारला, वर रंग दिला. नऊ नंबर माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं, किल्ली खिशात.

पाचला नऊ फळीवर.

कारभारी उतरले, फिरले, बोलले, वर आले. ड्रॉवरचं कुलूप जसंच्या तसं होतं. दुसरी किल्ली कारभारींकडे असणार, असं मी स्वतःला सांगितलं. म्हातारा आपल्या पापाची पूजा करतोय आणि उदबत्ती मला लावायला लागतेय. आजही घरी अंधार.

२० जानेवारी, सोमवार

आज सोक्षमोक्ष लावला. कागद लिहिला: नऊ क्रमांकाचा बिल्ला गणतीत धरू नये, तो फळीवर दिसला तरी झाकण वेळेवर लावावे. खाली माझी सही, आणि कागद फळीच्या वर चिकटवला. कारभारींनी तो बराच वेळ वाचला. आतून आवाज येतो साहेब, म्हणाले. मी त्यांना समजावलं की लोखंड दिवसभर तापतं आणि गार पडताना वाजतं, बोटीवर रात्रंदिवस वाजायचं. आवाज आला तरी पाना थांबवायचा नाही. हुकूम म्हणा हवं तर. त्यांनी मान डोलावली. त्यांचे डोळे मला बघवले नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

नऊ फळीवर होता. तरी बरोबर पाचला झाकण लावलं, कारभारी नट पिळत होते, मी उभा. साडेपाचला घरी. वेदिकाने मी न धरता दहा पावलं सायकल चालवली आणि ओरडून बाबा म्हणाली. दीपमाला दारात उभी राहून हसत होती. ह्याच्यासाठी मी समुद्र सोडला.

पण खरं ते लिहायला हवं. शेवटचा नट बसताना झाकणाखालून आवाज आला. ठोकल्याचा नाही. तळहात फिरवल्याचा. सावकाश, एकाच जागी. कारभारींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लोखंड.

निघताना कारभारींच्या नकळत नऊ नंबर फळीवरून काढून माझ्या खिशात टाकला, माझ्या चारबरोबर. आता इथून कसा जातो बघू.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून घरी आलो. दुपारी पडलो होतो. तोच आवाज आला, घरात. तळहात, लोखंडावर. उठलो, शोधलं. आवाज आतल्या खोलीतल्या गोदरेजच्या कपाटातून येत होता. दार उघडलं तर आत वेदिका. शेजारच्या मुलांशी लपाछपी खेळत होती.

मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ती रडली नाही. आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

२८ जानेवारी, मंगळवार

वेदिका बोलत नाही. दीपमाला म्हणते, बोलेल, तुम्ही नीट राहा.

टाकी बंद आहे, तरी तिच्याशेजारून जावं लागतं. आवाज आता दिवसाही येतो. होस्टेलची पोरं हसत जातात, कुणालाच ऐकू येत नाही. एक कारभारी सोडून. ते त्या बाजूला येताना टोपी काढतात.

खिशात दोन्ही बिल्ले आहेत. नऊ गरम आहे, चार गार.

२९ जानेवारी, बुधवार

झोप नाही. झाकण लावलं तेव्हा आत कुणी असतं तर? नव्हतं. मला ठाऊक आहे नव्हतं. पण मी बघितलं नाही. कारभारी तीन वर्षं दर गुरुवारी बघत होते, आणि मी —

३० जानेवारी, गुरुवार, सकाळ

आज साडेचारला निघणार. कारभारींना सांगितलंय, दीपमालालाही. वेदिकाने सायकल पुसून ठेवलीय म्हणे. मी तिची माफी मागणार आहे.

झाकण उघडलं. पंधरा दिवसांपूर्वी दिलेला रंग मधोमध पुसून गेलाय. तळहाताएवढा.

त्याच दिवशी, टाकीत

कारभारींना निघतो म्हणून हात केला. ते पोरांना मेन गेटला बसपाशी सोडायला गेले. माझी मोटरसायकल मागच्या गेटबाहेर. झाकण उघडं होतं, ते परत येऊन लावणार.

शिडीपाशी तो आवाज. जाता येईना. आत कुणी असेल आणि मी घरी सायकल धरत असेन, हे करवलं नाही. खिशातून बिल्ला काढला, फळीवर टांगला, उतरलो. सगळं नियमाने. बाहेर माणूस उभा नव्हता, तेवढंच.

सगळे कप्पे पाहिले. कुणी नाही. तरी म्हणालो, शामसुंदर साहेब, चला, सुटी झाली. म्हटल्यावर फार हलकं वाटलं. घरी जाऊन वेदिकाला —

वळलो तर उजेड नव्हता.

झाकण लागतंय. पान्याचा आवाज. ओरडलो, टॉर्चने ठोकलं. वर पाना थांबला. कारभारींचा आवाज आला, अगदी झाकणाला तोंड लावून: माफ करा शामसुंदर साहेब, बोरस्ते साहेबांचा हुकूम हाय, तुम्हाला मोजायचं नाय. रडत होते. मी बोरस्ते, मी रविराज, म्हणून ओरडलो. बाहेर काय ऐकू गेलं देव जाणे —

पुन्हा पाना.

फळीवर माझा चार आहे. तो बघतील. निघताना बघतातच —

खिशात हात घातला. चार खिशात आहे.

रेंज नाही. सोळा नट. झाकण पुढच्या गुरुवारी. हवा किती पुरते ते पोरांना शिकवताना दर गुरुवारी ऐक —

पावणेसहा. ती फाटकाशी असेल. सायकल घेऊन. अंधार पडला की आत जा गं बाई. मी येतोय. तिला मारलं ते —

झाकणाखाली ती जागा सापडली. माझा तळहात बरोबर बसतो. घासतोय. कारभारी थांबतील, त्यांना ऐकू येतं, त्यांना —

लोखंड म्हणतील. मीच सांगितलंय.

माझ्या हाताशेजारी दुसरा हात आहे. गरम आहे. तोही घासतोय, माझ्याबरोबर. घाई नाही त्याला —

टॉर्च मंद होतोय. दीपमाला, फळीवरचा कागद फाडायला सांग. कारभारींना म्हणावं मोजा, सगळे मोजा, नऊ पण —