कर्नल रतनसिंगच्या चौसष्ट बंदुका

५ सप्टेंबर २००६
आजपासून रोज लिहिणार. नांदेडच्या एका कॉलेजात अठ्ठावीस तारखेला कॉम्प्युटर गेमची स्पर्धा. वारंगा फाट्यावरच्या आमच्या क्लासकडून मी आणि हरिचंद. आयडिया माझी: गेम दोघांनी मिळून खेळायचा, दोन सैनिक, समोर शत्रू. प्रोग्रामिंग हरिचंद करणार. ते काय, टायपिंगच. डिझाइन माझं.

७ सप्टेंबर
बंदुका चौसष्ट. प्रत्येकीची नळी, दुर्बीण, रंग, पट्टा बदलता येईल. कवड्यांचा पट्टापण ठेवला, आमच्या तांड्याचा टच. हरिचंद म्हणाला, "रत्ना, आधी एक तर उडू दे." लहान विचार. दोस्त आहे म्हणून बोललो न्हाई.

१० सप्टेंबर
बढतीचे नियम फायनल. शत्रू मारला की पॉइंट. पॉइंटवर नवी टोपी, नवी बंदूक, वरचा हुद्दा. शिपाई ते कर्नल, बारा हुद्दे. टेस्टिंगसाठी मी डायरेक्ट कर्नल, हरिचंद शिपाई. याडीला सांगितलं, तुझा लेक कर्नल झाला. तिनं विचारलं, पोस्टिंग कुठं?

११ सप्टेंबर
तांड्यातले फुलसिंगकाका सॅल्यूट ठोकून गेले. समजावत बसायला टाइम न्हाई.

१३ सप्टेंबर
टेस्टिंग. आधी मी आणि हरिचंद. दुसऱ्या मिनिटाला गोळी लागून पडलो. साथीदारानं येऊन औषधाची पेटी लावली की पडलेला परत उठतो. तो मला उचलायला येऊन राहिला होता, पण मी फार पुढं निघून गेलो होतो. नेतृत्व.
मग टायपिंग शिकवणाऱ्या राणी मॅडम त्याच्यासोबत बसल्या. एक शत्रू मारला न्हाई. हरिचंद पडला की पळत जाऊन औषधाची पेटी लावायच्या. दोघं शेवटपर्यंत पोचले! हरिचंद म्हणाला, "उचलणाऱ्यालापण पॉइंट दे." म्हटलं, हे युद्ध आहे, दवाखाना न्हाई. "मग दोघं काहून ठेवले?" उत्तर तयार होतं, पण लाइट गेली.

१६ सप्टेंबर
हरिचंद क्लासला आला न्हाई. निरोप आला: कर्नलसाहेबांनी आता स्वतः टाइप करावं. करतो की.

१७ सप्टेंबर, दुपारी २
प्रोग्रामिंगचं पुस्तक उघडलं.

दुपारी २.१०
मिटलं. मूड पाहिजे. नऊ नंबरच्या हेल्मेटला तुरा काढला. भारी झालाय.

२० सप्टेंबर
एकट्यानं टेस्टिंग. डावा हात एका कीबोर्डवर, उजवा दुसऱ्यावर. डाव्यानं उजव्याला गोळी घातली. चारदा. केबल खराब असणार.

२४ सप्टेंबर
सायकलवर हरिचंदच्या घरापर्यंत गेलो. चेन बघायला दारासमोर थांबलो. आत तो आणि राणी मॅडम कायतरी करत हसून राहिले होते. चेन बराबर होती. परत आलो.

२७ सप्टेंबर
दोनशे पानी रजिस्टर भरलं. आत्मविश्वास फुल्ल. खरं डिझाइन कागदावरच असतं. नांदेडला रजिस्टरच नेणार.

२८ सप्टेंबर, नांदेडहून परतल्यावर
परीक्षक बाईंनी रजिस्टर पंचेचाळिसाव्या बंदुकीपर्यंत बघितलं. चित्रं आवडली म्हणाल्या. मग विचारलं, "हे चालू कुठून करायचं?"
शेजारच्या टेबलावर हरिचंद आणि राणी मॅडम. त्यांच्या गेममध्ये बंदूक एकच. बक्षीसही एकच: साथीदाराला उचललं की हातात एक कडं. स्क्रीनच्या खाली लिहिलं होतं, 'डिझाइन: रतनसिंग राठोड'. मी दोनदा वाचलं. म्हटलं, हे काहून? हरिचंद म्हणाला, "सुचलं तर तुलाच होतं ना, दोघांनी खेळायचं म्हणून."
राणी मॅडमनी त्यांची खुर्ची मला दिली. पहिल्या मिनिटाला पडलो. गोळ्या चुकवत हरिचंद आला, उचललं. परत पडलो, परत उचललं. असं चारदा. त्याच्या हातात चार कडी, माझे हात मोकळे. मागं पोरं हसून राहिली होती.
पाचव्यांदा उठलो आणि म्हटलं, "हऱ्या, तू हो पुढं. पेटी माझ्याकडं दे."